दुधाचा साबण

“मोरीत सोडू नगंस,” सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. “वाटीत घे. पेरूच्या बुंध्यात घालूया.”

मी न्हाणीघरात पाटावर बसले होते. दूध आपोआप गळत होतं आणि फरशीवरून मोरीच्या तोंडाकडे चाललं होतं. मी नुसती बघत होते. दार किलकिलं झालं आणि एक स्टीलची वाटी आत सरकली. ती मी धरली, भरली आणि बाहेर दिली. सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्ती म्हणायचो. आत्तींनी वाटीवर पदर धरला आणि त्या परसात गेल्या. पदर कशाला, तर कुणाची नजर पडू नये म्हणून. आता नजर लागायला राहिलंय कोण, असं मनात आलं. पण ते बोलायचाही कंटाळा आला.

मुलगी होती. कोरेगावातल्या दवाखान्यात माझं सिझर झालं, आणि मी शुद्धीवर यायच्या आत तिला साताऱ्याला हलवलं होतं. तिला नीट श्वास घेता येत नव्हता. तिथे काचेच्या पेटीत ठेवली. माझा नवरा रणजित आणि आत्ती तिच्याबरोबर गेले. मी इथे सलाईन लावून पडून होते आणि येणारा प्रत्येक जण मला सांगत होता की सगळं ठीक होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रणजित एकटाच माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. तिचं सगळं त्यांनी तिकडेच उरकलं होतं. मी तिला पाहिलीच नाही.

घरी आल्यावर दूध आलं. डॉक्टरांनी ते बंद व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी वेळच्या वेळी घेतल्या, तरी यायचं ते आलंच. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. मग डॉक्टरच म्हणाले, थोडं थोडं काढत जा, हळूहळू आटेल.

भेटायला बायका यायच्या. कोरडे डोळे घेऊन बसलेली बाळंतीण बघून त्यांची पंचाईत व्हायची. समजूत घालायची तयारी करून आलेल्या असायच्या आणि मी त्यांना विचारायची, चहा घेणार का. जाताना दारात कुजबुज व्हायची, पोरीनं मन घट्ट केलंय हो. मी मन वगैरे काही घट्ट केलं नव्हतं. ते जागेवर आहे की नाही, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. भूक लागली की जेवायचे, सांगितलं की झोपायचे.

एका सकाळी वाटी घेऊन मी स्वतःच परसात गेले. पेरूच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली होती. आदल्या दिवशीच्या दुधाची मातीवर पांढरट खपली धरली होती आणि मुंग्या तिचे कण उचलून नेत होत्या. मला वाईट वाटलं, असं नाही. फक्त ते तिथे ओतायला हात होईना. मी तशीच वळले आणि मागच्या पडवीत गेले. तिथे वैजूताई साबण कापत बसली होती.

वैजूताई माझी थोरली जाऊ. पुण्याला बहिणीकडे राहून साबण करायचा क्लास करून आली होती आणि त्या वेळी दोनेक वर्षं घरीच साबण करत होती. कडुलिंबाचा, आंबेहळदीचा, कोरफडीचा, आणि सगळ्यात जास्त खपणारा शेळीच्या दुधाचा. बचत गटाच्या प्रदर्शनात तिचं टेबल असायचं. वेष्टनावर तिनं ठळक छापून घेतलं होतं, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. त्याचा तिला भारी अभिमान होता आणि त्याचाच ताप. फलटणच्या एक बाई तिच्याकडून साबण घेऊन गेल्या आणि दिवाळीला काढू म्हणून गोदरेजच्या कपाटात ठेवून विसरल्या. पुढच्या प्रदर्शनात त्या तोच साबण घेऊन आल्या. त्यावर केशरी ठिपके पडले होते, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास मारत होता. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, नैसर्गिक म्हणजे नासका होय? वैजूताई तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला घेताना बजावायची, वर्षाच्या आत वापरा, साठवून ठेवू नका.

मी वाटी तिच्यापुढे ठेवली.

“शेळीच्या दुधाऐवजी हे चालेल?”

तिनं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातली कापायची पट्टी खाली ठेवली. मी उभीच राहिले, मला घाई नव्हती.

“चालेल,” ती शेवटी म्हणाली. “कुठलंही दूध चालतं. पण उर्मिला, कॉस्टिक सोड्यात पडलं की ते दूध राहत नाही गं. तेल तेल राहत नाही, दूध दूध राहत नाही.”

“मग काय राहतं?”

“साबण.”

“किती दिवस?”

“वर्षभर,” ती सवयीनं बोलून गेली. हे उत्तर तिच्या तोंडात बसलेलं होतं. “नीट ठेवला तर थोडा जास्त.”

“मग त्यात टिकायचं औषध घाल. बाजारच्या लोणच्यात घालतात तसलं काहीतरी.”

वैजूताईनं मला खाली बसवलं. मला आठवतं, ती अगदी सावकाश बोलत होती. ती म्हणाली, ते औषध बुरशी धरू नये म्हणून असतं, पाण्याच्या वस्तूला लागतं. वडीच्या साबणाला बुरशी येत नाही, त्यात काही जगूच शकत नाही. साबण बिघडतो तो तेलानं. तेल जुनं होतं, खवट होतं.

“ते होऊ नये म्हणून काही नाही?”

“ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घालते मी. त्यानं लांबतं,” ती म्हणाली आणि खाली ठेवलेली पट्टी उचलली. “लांबतं. थांबत नाही.”

मला ते थांबायला हवं होतं. तिचं म्हणून घरात काही नव्हतं. नाव ठेवायचं राहिलं. फोटो काढायचं रणजितला सुचलं नाही, आणि त्याला मी दोष देत नाही. अंगातलं झबलंसुद्धा तिच्याबरोबर गेलं. उरलं ते वाटीतलं एवढं. तेही तिच्यासाठी आलेलं आणि तिच्यापर्यंत न पोचलेलं. ते राहावं, असं मला वाटत होतं. त्या दिवसांत मला वाटत होतं असं तेवढंच.

वैजूताई म्हणाली, साठव. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठव, पुरेसं झालं की करू. मग रोज मी ते ट्रेमध्ये ओतायला लागले. वाढीव काम मिळालं म्हणून बरं वाटलं. एकदा रणजित थंड पाण्यासाठी फ्रिज उघडून उभा होता, त्याची नजर वरच्या खणात गेली. त्यानं हळूच दार लावलं आणि माठातलं पाणी प्यायला. त्यानंतर तो माठातलंच पाणी प्यायचा. आम्ही त्या दिवसांत एकमेकांशी फार जपून वागत होतो, म्हणजे वागतच नव्हतो.

आत्तींना मात्र हे मुळीच पटलं नाही. “शेळीचं येगळं,” त्या चुलीपाशी बसून वैजूताईला म्हणाल्या. मी शेजारच्या खोलीत आहे हे त्यांना माहीत होतं. “माणसाच्या दुधाचा साबण करून त्यानं आंग घासायचं? ह्ये बरं न्हवं. तिला कळंना झालंय, तू तर शाणी हायस न्हवं.”

त्यानंतर आत्ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. माझी त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.

साबण केला तेव्हा उन्हाळा लागला होता. वैजूताईनं पडवीची दारं सताड उघडली, मला दूर स्टुलावर बसवलं आणि स्वतः नाकाला फडकं बांधून हातात रबरी मोजे चढवले. दुधाचे गोठलेले चौकोन तिनं मोठ्या प्लास्टिकच्या भांड्यात टाकले आणि त्यावर कॉस्टिक चमच्या-चमच्यानं घालायला लागली. एकदम घातलं तर दूध जळतं, करपट तपकिरी होतं. चौकोन विरघळत गेले. पांढऱ्याचं पिवळसर झालं, मग फिकट केशरी. डोळ्यांना झोंबणारा वास आला. तो वास थोड्या वेळानं जातो, असं ती फडक्याआडून म्हणाली.

तेलं तिनं आधीच मोजून ठेवली होती. खोबरेल आणि एरंडेल. एरवी ती त्यात घाण्याचं करडईचं तेल घालायची, कारण ते आमच्याकडे सहज मिळतं आणि साबण मऊ होतो.

“ह्यात करडई नको,” ती म्हणाली. “करडई लवकर खवटते.”

तिनं गोळ्या फोडून घातल्या, त्याही नेहमीपेक्षा जास्त. सुगंध काही घातला नाही. सगळं मिश्रण घोटून खिरीसारखं दाट झालं, तेव्हा ते लाकडी साच्यात ओतलं. इतर साबण ती गोधडीत गुंडाळून ठेवायची. हा मात्र दुधाचा, आपणहून तापतो, म्हणून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी कापला. हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या वड्या झाल्या, सायीच्या रंगाच्या. मी एक हातात घेतली. तिला कसलाच वास नव्हता.

आता महिना-सव्वा महिना त्या मुरायला ठेवायच्या होत्या. वैजूताईनं मधल्या खोलीत, जिथे ऊन येत नाही पण वारा खेळतो, तिथे वेताच्या चाळणीत कागद घालून त्या मांडल्या. रोज उलटायच्या, एवढंच काम. ते मी घेतलं. सकाळी एकदा जायचं, प्रत्येक वडी उचलायची, पालथी करून ठेवायची. हात लागला की कळायचं, रोज किंचित जास्त घट्ट आणि हलकी होतेय. बाकी दिवस कसा जायचा ते मला आजही सांगता येणार नाही. आंब्याची पेटी आली, ती संपली. रणजितनं रजा संपवून कामावर जायला सुरुवात केली. शेजारच्या घरात लग्न झालं आणि आम्हाला पत्रिका हळूच मागच्या दारानं दिली गेली.

मधेच केव्हातरी दूध थांबलं. कुठल्या दिवशी, ते लक्षात नाही. एकदा न्हाणीघरात वाटी घेऊन बसले तर काही आलं नाही. आदल्या दिवशी आलं होतं का, तेही आठवेना. वाटी धुऊन मांडणीवर ठेवली आणि मधल्या खोलीत जाऊन वड्या उलटल्या.

वैशाखात माझा भाऊ मला न्यायला आला. आईचा निरोप होता की आठवडाभर तरी पाठवा. मला जायचं नव्हतं आणि न जायचंही काही कारण सांगता येईना. वैजूताईचं त्याच दिवसांत पुण्याला प्रदर्शन होतं. जाताना मी चाळणीवर पातळ फडकं घातलं. आत्तींना काही सांगावं असं वाटलं नाही, कारण त्या खोलीकडे त्या फिरकत नसत.

माहेरी मी झोपले. आई उठवायची, जेवायला घालायची, परत झोपू द्यायची. तिनं काही विचारलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. आठवड्यानं दुपारच्या एसटीनं परत आले. वैजूताई सकाळीच आली होती आणि पडवीत खोकी उघडत होती. मी पिशवी न ठेवता सरळ मधल्या खोलीत गेले. चाळणीत नुसता कागद होता.

मी वैजूताईला हाक मारली. ती आली, तिनंही बघितलं. मग आम्ही दोघींनी एकदमच जिन्याकडे बघितलं, कारण वर गच्चीवर आत्तींची वाळवणं चालली होती.

आत्तींचं वाळवण गल्लीत प्रमाण मानलं जायचं. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची हळद-मिरची, सगळं त्यांच्या देखरेखीखाली सुकायचं. निम्मी गल्ली त्यांना विचारून डाळी वाळवायची. कुठल्याही वस्तूला भरपूर ऊन दाखवलं की ती वर्ष काढते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यात त्यांना कधी दगा बसला नव्हता.

गच्ची कुरडयांनी पांढरी झाली होती. त्यांच्या मधोमध पाटावर तांब्याची परात ठेवलेली होती. सत्यनारायणाला, गौरींना बाहेर निघणारी, एरवी कपड्यात बांधून देव्हाऱ्याखाली असणारी परात. तिच्यात माझे साबण होते, वर मलमलीचं धुवट फडकं. आत्ती बाजूला छत्री धरून कावळ्यांना हाकत बसल्या होत्या.

“आलीस?” त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात मोकळेपणा होता. “बघ, तू गेल्यापासनं रोज ऊन दाखिवलं. सांजंला खाली न्हेत हुते. आता काय हुत न्हाई त्यास्नी.”

मी फडकं उचललं. वड्यांना घाम फुटला होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि अंगभर केशरी ठिपके आले होते, काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून मोठे डाग झाले होते. मी एक उलटली. खालून ती हिरवट झाली होती. वास मला वाकायच्या आतच आला.

वैजूताईनं माझ्या हातातून वडी घेतली आणि ती गच्चीच्या कठड्याला टेकून बसली. ती सहसा आत्तींना उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. ऊन आणि तांबं, दोन्ही तेलाचे वैरी, तिनं सांगितलं. नुसत्या उन्हानं इतक्या लवकर इतकं झालं नसतं. तांब्यानं काम पुरं केलं. खाली अंधारात ते व्यवस्थित मुरले होते, काही करायचं नव्हतं, नुसतं ठेवायचं होतं.

“मला विचारायला काय झालं होतं, आत्ती?”

आत्तींना पहिल्यांदा ते कळलंच नाही. त्यांनी एक वडी उचलून उजेडात धरली, पदरानं पुसली. डाग पुसला जाईना, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

“देवाची परात हाय ती,” त्या हळूच म्हणाल्या. “आनि कशात ठिऊ?”

मला राग यायला हवा होता. मी त्याची थोडी वाटही बघितली. पण आत काही हललं नाही, आणि मग त्याच सपाट आवाजात मी विचारलं, “तुम्हाला तर हा साबण नकोच होता. मग टिकवायला कशाला निघालात?”

त्यांनी छत्री मिटून ठेवली. जवळची कुरडई उचलली, पालथी केली, परत सुलटी केली. सकाळचा चीक त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत वाळून पांढरा झाला होता.

“म्या न्हाऊ घातली तिला,” त्या म्हणाल्या.

वैजूताईनं माझ्याकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

“नर्स म्हणली, आजी, तशीच न्या. म्या म्हणलं, न्हाई. माझ्या घरची पोर हाय, न्हाल्याबिगर जायाची न्हाई. वाईच कोमट पाणी मागून घेतलं. रणजित भाईर हुता, त्येला म्हणलं, तू आत यिऊ नगंस.” त्या कुरडईकडेच बघत बोलत होत्या. “नाकात नळी घातलीती तिच्या. ती हलू ने म्हणून गालावर चिकटपट्टी. पट्टी निघाली, पर डिंक निघंना. काळा काळा राहिला. लई चोळता बी यीना, कातडं साईगत हुतं. साबण न्हवता जवळ. कुनाला मागू? समदी आपापल्या पोरांच्या घोरात. तसाच डाग घिऊन गेली पोरगी.”

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“तवाधरनं साबण बघितला की त्योच गाल दिसतुया,” आत्ती म्हणाल्या. “म्हणून नगं म्हणत हुते. मग तू गेलीस आन् म्या त्या खोलीत गेले, तर ह्ये दिसलं. म्हणलं, तिच्या नावानं केल्यालं हाय. निदान ह्यो तरी टिकू दे.”

तिला गाल होते, हे मला तेव्हा कळलं.

इतके दिवस मी ज्या मुलीसाठी ते सगळं साठवत होते, तिला माझ्या मनात चेहराच नव्हता. कुणी सांगितला नव्हता आणि मी विचारला नव्हता. रणजितला मला दुखवायचं नव्हतं, मला त्याला. बायका येऊन गेल्या, त्यांनी देवाची मर्जी सांगितली. तिच्याबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलंच माणूस होतं. माझ्या पोटात कळ आली. टाक्यांची नव्हती. मला दुखत होतं आणि ते दुखतंय हे मला नीट समजत होतं.

“आणखी?” मी म्हटलं.

आत्तींनी मान वर केली.

“आणखी कशी होती?”

“कानावर लव हुती,” त्या म्हणाल्या. “दोन्ही कानावर. मूठ सोडत न्हवती. म्या बोटं उघडून मधी पाणी घातलं, तर तळहातात लोकरीचा धागा निघाला, दुपट्याचा. त्यो बी धरून बसलीती.” त्यांचा आवाज तिथे फुटला. त्या तोंड फिरवून बसल्या आणि मग मोठ्यानं रडल्या. गेल्या सगळ्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघत होते सगळे, त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली. परातीतली एक वडी घेतली, त्यातल्या त्यात कमी डागाळलेली नव्हे, हाताला आली ती. कुरडयांसाठी आणलेली पाण्याची बादली कठड्याशी होती.

“ह्यानं काही अपाय होतो?” मी वैजूताईला विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “नुसता वास येतो.”

मी आत्तींसमोर बसले. “हात पुढं करा.”

“आगं, नगं,” त्यांनी हात मागे घेतले. “झिजंल त्यो. संपंल.”

“संपू दे.”

वैजूताईनं तांब्या भरला आणि आमच्या हातांवर पाण्याची धार धरली. मी आत्तींचे हात दोन्ही हातांत घेतले आणि वडी फिरवायला लागले. मनगटावरून, बोटांच्या पेरांमधून, नखांच्या कडेनं. चीक भिजून सुटायला लागला. वास वाईट होता, तो काही लपत नव्हता. पण फेस आला. दाट, पांढरा, बोटांवरून न घसरणारा फेस आला. आत्ती आता हात ओढून घेत नव्हत्या. तिला शेवटचं धरलेले हात होते ते. मी ते पुष्कळ वेळ धुतले, चीक निघून गेल्यावरही.

“कुठल्या गालावर?” मी विचारलं.

आत्तींनी फेसानं भरलेला हात तसाच उचलला आणि माझ्या डाव्या गालावर ठेवला.

“हितं,” त्या म्हणाल्या.